कोर्लई : किल्ल्याखालचे गाव आणि गावातील भाषा

प्रस्तावना :

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ऐतिहासिक स्थळांची वाण नाही. पनवेल परिसरातील महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली वर्षानुवर्षे याच किनाऱ्याकडे वळतात. कुलाबा, रेवदंडा, कोर्लई, जंजिरा असा क्रम ठरलेला असतो. इतिहास विभागाची सहल म्हणजे किल्ला, असे समीकरण आपल्या मनात इतके पक्के झाले आहे की किल्ल्याच्या पायथ्याशी असलेले गाव हे केवळ गाडी उभी करण्याचे ठिकाण ठरते. प्रस्तुत लेखात कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेल्या कोर्लई या लहानशा गावाचा विचार करावयाचा आहे. या गावात पोर्तुगीज अमदानीचे दोन अवशेष आहेत. पहिला दगडी असून तो दुरूनही दिसतो. दुसरा गावातील सुमारे हजारभर ख्रिस्ती लोकांच्या तोंडी आहे. तो पाहता येत नाही, ऐकावा लागतो. आणि आपल्या सहलींच्या अहवालांत त्याचा उल्लेख सहसा आढळत नाही.

प्रस्तुत लेखिकेच्या अहवालातही तो नव्हता, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. एम.फिल.साठी चौल बंदराच्या व्यापारासंबंधी वाचन करताना कोर्लईच्या भाषेचा उल्लेख नजरेखालून गेला होता. परंतु तो भाषाशास्त्राचा विषय म्हणून मी तळटीपेत टाकला आणि पुढे गेले. त्यानंतर काही वर्षांनी द्वितीय वर्ष कला शाखेच्या विद्यार्थ्यांना घेऊन कोर्लईस जाण्याचा योग आला. किल्ला पाहिला, फलकासह छायाचित्रे घेतली (नॅकच्या फाइलसाठी ती जिओ-टॅग असावी लागतात, हे प्राध्यापक वाचकांस सांगावयास नको) आणि पाणी पिण्यासाठी गावात थांबलो. एका ओटीवर एक वृद्ध बाई वालाच्या शेंगा सोलत नातवाशी काही बोलत होत्या. विद्यार्थ्यांना ती कोकणी वाटली. आमच्याशी मात्र त्या स्वच्छ मराठीत बोलल्या. भाषेचा उलगडा झाल्यावर एका उत्साही विद्यार्थ्याने मोबाइल पुढे धरून "जरा पोर्तुगीज बोलून दाखवा ना, आजी" असा आग्रह धरला. त्या हसल्या आणि शेंगांची परडी घेऊन आत गेल्या. आपण येथे काय चुकलो, याचा विचार परतीच्या प्रवासात सुरू झाला आणि त्यातूनच हा लेख उभा राहिला.

गावाची वाट :

पनवेलहून पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग असा रस्ता आहे. अलिबागनंतर नागाव आणि चौलच्या नारळी-पोफळीच्या बागा लागतात व तेथून पुढे रेवदंडा. एकूण अंतर शंभर किलोमीटरच्या आतच भरते. चौल आज शांत खेडे असले तरी ते पश्चिम किनाऱ्यावरील अतिप्राचीन बंदरांपैकी एक होय. ग्रीक-रोमन लेखकांनी उल्लेखिलेले 'सेमिल्ला' म्हणजे चौल, असे अभ्यासक मानतात. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफानासी निकितिन याच बंदरात उतरला. १५०८ मध्ये चौलच्या पाण्यात पोर्तुगीज आणि इजिप्त-गुजरातचे संयुक्त आरमार यांची लढाई झाली. तीत पोर्तुगीज विजरई आल्मैदा याचा पुत्र लोरेन्सो मारला गेला. १५२१ मध्ये निजामशाहीच्या अनुमतीने पोर्तुगीजांनी येथे आपल्या कोटाची उभारणी सुरू केली. आजचा रस्ता त्या कोटाच्या तटातूनच रेवदंड्यात शिरतो.

रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून समोर पाहिले असता खाडीच्या मुखापाशी समुद्रात घुसलेली एक लांबट टेकडी दिसते. तिच्या पाठीवर कोर्लईचा किल्ला आहे. दोहोंमध्ये अंतर थोडे, परंतु मध्ये कुंडलिका नदी. १९८६ मध्ये नदीवर पूल झाला, तोपर्यंत पलीकडे जाण्यास तरीचाच आधार होता. पूल ओलांडून साळाव गाठले की उजवीकडे मुरूडचा रस्ता लागतो आणि काही मिनिटांत कोर्लई येते. या पुलाचा संदर्भ पुढे पुन्हा येणार आहे.

किल्ल्याविषयी थोडेसे :

किल्ल्याचा इतिहास बहुतेक पुस्तकांत मिळतो. म्हणून येथे तो थोडक्यात देते. रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटावर या टेकडीवरून मारा करता येतो, हे ओळखून अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने येथे तटबंदी केली. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी ती जिंकून घेतली आणि स्वतःच्या पद्धतीने वाढविली. 'मोरो द चौल', म्हणजे चौलची टेकडी, हे त्यांचे नाव. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने या भागास वेढा घातला. तथापि किल्ला हाती आला नाही. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात, १७३९ मध्ये, सुभानराव माणकर यांस कोर्लईवर पाठविण्यात आले, आणि १७४० च्या तहान्वये चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. किल्ला लांबीने मोठा, रुंदीने अगदी चिंचोळा आहे. आत-बाहेर मिळून अकरा दरवाजे, पोर्तुगीज शिलालेख व पडझड झालेले एक चर्च आहे. दीपगृहाच्या मागून पायऱ्यांनी वर गेल्यास एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला खाडी, असे दृश्य दिसते. ते विद्यार्थ्यांना आवडते, यात नवल नाही.

प्रश्न १७४० नंतरचा आहे. पोर्तुगीज अधिकारी, सैनिक, धर्मगुरू, ज्यांना जाणे शक्य होते ते गोव्याकडे गेले. मागे कोण राहिले?

मागे राहिलेले लोक :

आल्फोन्सो द आल्बुकर्कच्या काळापासून पोर्तुगीजांनी आपल्या शिपायांना स्थानिक, धर्मांतरित स्त्रियांशी विवाह करण्यास उत्तेजन दिले होते. रेवदंड्याच्या कोटात अशी कुटुंबे होती. त्यांच्या घरी राबणारे गडी, दासदासी, कोटाबाहेर शेती करणारे नवख्रिस्ती यांचीही वस्ती होती. या लोकांच्या मायबोली वेगवेगळ्या होत्या. मालकाशी व परस्परांशी व्यवहार करण्यासाठी त्यांनी ऐकीव पोर्तुगीज शब्दांचा आधार घेतला. त्यांच्या मुलांना मात्र तीच घरची भाषा म्हणून मिळाली, आणि मुलांच्या तोंडी ती पूर्ण वाढीची, नियमबद्ध भाषा झाली. अशा रीतीने जन्मलेल्या भाषेस भाषाशास्त्रात 'क्रिओल' म्हणतात. तिला 'तुटकी पोर्तुगीज' किंवा 'भेसळ' म्हणणे शास्त्राला धरून नाही. संस्कृतातून प्राकृते आली म्हणून आपण मराठीला तुटके संस्कृत म्हणत नाही, तद्वतच हे आहे.

सत्ता गेल्यावर ही भाषा टिकण्याचे काही कारण नव्हते. वसईपासून मुंबई बेटांपर्यंत पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांतात अशीच क्रिओल बोलली जात असे. गोव्याचे थोर कोशकार सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे मराठी आणि इंग्रजीच्या ओघात ती तेथे लोपली. कोर्लईत ती उरली. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या भाषेवर १९९६ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, या गावाच्या एकाकीपणाने भाषेला वाचविले. धर्माने ख्रिस्ती असल्याने शेजारच्या हिंदू व मुसलमान समाजांशी रोटीबेटी व्यवहार नव्हता. बहुतेकांचा व्यवसाय शेती-भाजीपाल्याचा, त्यामुळे पोटासाठी गाव सोडण्याची गरज कमी होती. एका बाजूस नदी, दुसऱ्या बाजूस समुद्र होता. गोव्याकडील पाद्र्यांमुळे चर्चमधील पोर्तुगीज काही काळ कानावर पडत राहिली, एवढाच बाहेरचा धागा होता.

येथे एका आक्षेपाचा विचार आवश्यक आहे. परकीय सत्तेचे हे अवशेष जपण्याचा एवढा अट्टाहास कशासाठी, असा प्रश्न एका चर्चासत्रात विचारला गेला. प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू मला चुकीचा वाटत नाही, परंतु गृहीतक चुकीचे वाटते. राज्यकर्त्यांची भाषा राज्यकर्त्यांबरोबर गेली. कोर्लईत राहिली ती राबणाऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, स्वतःच्या गरजेतून घडविलेली भाषा. पोर्तुगालमधून आलेल्या माणसास ती सहज कळणारही नाही. बोलणारे तिला पोर्तुगीज म्हणत नाहीत. ते तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'.

नॉ लिंगमधील मराठी :

मराठी भाषकाने या भाषेकडे पाहावे, याचे खरे कारण तिच्या व्याकरणात आहे. शब्द पोर्तुगीज, परंतु वाक्याचा सांगाडा बव्हंशी आपला. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्त्यानंतर येते आणि कर्म त्याच्याही नंतर. कोर्लईच्या भाषेत क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटाकडे सरकले आहे. संबंध दाखविण्यासाठी 'सू' हा शब्द नामाच्या मागे जोडला जातो, आपल्या 'चा-ची-चे'च्या जागी. 'पार्मी' म्हणजे 'मला' (मूळ पोर्तुगीज 'पारा मीं'). भूक लागण्यासारखे अनुभव तेथे मराठीप्रमाणेच 'मी'ला नव्हे, तर 'मला' होतात. भूक या शब्दाचे मूळ पोर्तुगीज. भूक कोणाला लागते हे सांगण्याची रीत मात्र कोकणच्या मातीतली.

क्रियापदांचे वर्ग तर मुळातून पाहण्याजोगे आहेत. पोर्तुगीजमध्ये क्रियापदांचे तीन गण आहेत. कोर्लईत त्यांचे रूप 'काता' (गाणे), 'बेबे' (पिणे), 'इर्गी' (उठणे) असे आढळते, म्हणजे आकारान्त, एकारान्त आणि ईकारान्त. या तिन्हींच्या जोडीला तेथे चौथा, ऊकारान्त वर्ग आहे. तो पोर्तुगीजमध्ये नाही. मराठीतून आलेल्या क्रियापदांसाठी तो निर्माण झाला. 'लोटू' हे त्याचे उदाहरण. 'लोटू नको', 'लोटू दे' यांतील आपले रूपच जणू उचलून नेले आहे. एका छोट्या समाजाने शेजाऱ्यांचे शब्द घेताना ते कसेही न कोंबता त्यांच्यासाठी घरात वेगळी खोली बांधावी, असा हा प्रकार आहे.

याच ठिकाणी एक गमतीची गोष्ट नोंदविण्याचा मोह आवरत नाही. 'काता'चे चालू क्रियेचे रूप 'कातान', आणि तसेच 'लोटू'चे 'लोटून'. मराठी कानाला हे 'लोटून' ओळखीचे वाटते. परंतु आपल्या 'लोटून'मध्ये क्रिया पूर्ण झालेली असते, तर कोर्लईच्या 'लोटून'मध्ये ती चालू असते. तेथील शेवटचा 'न' पोर्तुगीज 'कान्तांदो'सारख्या रूपांचा उरलेला अंश आहे. शब्द मराठी, प्रत्यय पोर्तुगीज आणि उच्चार असा की दोन्ही भाषांना तो आपलाच वाटावा. विद्यार्थ्यांना संकर म्हणजे काय हे समजावून सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण माझ्या वाचनात नाही.

देवघेव एकाच दिशेने झाली, असेही नाही. पाव, बटाटा, साबण, चावी, पगार, लिलाव, घमेले, काजू हे आपले रोजचे शब्द पोर्तुगीजकडून आलेले आहेत. दालगादोंनी १९१३ मध्ये आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा जो कोश सिद्ध केला, त्यात अशा शब्दांची मोठी नोंद आहे. आपण घेतले ते वस्तूंचे आणि व्यवहाराचे शब्द. कोर्लईने मराठीकडून घेतली ती वाक्याची चाल. ही देणगी अधिक खोलवरची आहे.

भूमध्य समुद्रातील एक भावंड :

कोर्लईचे उदाहरण जगात एकाकी नाही. सायप्रस बेटाच्या वायव्य टोकाजवळ कोर्माकितिस नावाचे लहानसे गाव आहे. लेबनॉन-सीरियाकडून शेकडो वर्षांपूर्वी आलेल्या मॅरोनाइट ख्रिस्ती लोकांची ही वस्ती. भोवताली ग्रीक व तुर्की भाषा असताना या लोकांनी आपली अरबी जपली. तीही भोवतालच्या ग्रीकमुळे इतकी बदलली की अरबांनाही ती सहज समजत नाही. त्या भाषेचे नाव 'सन्ना'. अर्थ, 'आपली भाषा'. दोन समुद्रांच्या काठी दोन लहान गावांनी परस्परांची वार्ताही नसताना आपल्या बोलीस एकच नाव द्यावे, ही केवळ योगायोगाची बाब वाटत नाही. ज्या भाषेला राज्य नाही, लिपी नाही, शाळा नाही, तिला बोलणाऱ्यांच्या 'आपले'पणाखेरीज दुसरे नाव तरी कोठून मिळणार?

१९७४ मध्ये सायप्रसची फाळणी झाली. गाव उत्तरेस राहिले आणि बहुतेक गावकरी दक्षिणेत विखुरले. भाषा मोडकळीस आली. तथापि २००८ मध्ये सायप्रसने युरोपीय सनदेखाली तिला अल्पसंख्य भाषा म्हणून मान्यता दिली. तिच्यासाठी रोमन अक्षरांवर आधारित वर्णमाला तयार झाली, मुलांसाठी गावात शिबिरे भरू लागली. सन्ना यामुळे वाचली, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही; परंतु ती राज्याच्या दप्तरी तरी आली.

आपल्याकडे दप्तरातूनच अडचण सुरू होते. १९७१ च्या जनगणनेपासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची स्वतंत्र आकडेवारी प्रसिद्ध होत नाही. नॉ लिंगचे भाषक त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहेत. सरकारी आकड्यांत ही भाषा शोधू गेल्यास ती सापडणार नाही.

मोठी भाषा कोणती?

कोर्लईची मुले मराठी शाळेत शिकतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) चर्चमधील विधी स्थानिक भाषांत होऊ लागले आणि या गावात उपासनेची भाषाही मराठी झाली. पूल झाल्यावर बाजार, दवाखाना, महाविद्यालय, नोकरी सारे जवळ आले. यातील एकही गोष्ट वाईट नाही. गावाने तरीच्याच काळात राहावे, असे केवळ भाषाप्रेमापोटी म्हणणे हा बाहेरच्यांचा स्वार्थ होईल. परंतु एकाकीपणाने जे राखले ते दळणवळणाने सैल केले, हेही खरे. ओटीवरच्या त्या आजींचे बोलणे नॉ लिंगमध्ये होते. नातवाची उत्तरे मात्र मराठीत होती. एका ओटीवरून गावाचे अनुमान काढू नये, हे संशोधनपद्धतीचे तत्त्व मला मान्य आहे. तरीही ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही.

मराठीच्या प्राध्यापकांसमोर हे सांगताना संकोच वाटतो. इंग्रजीच्या लोंढ्यापुढे मराठीचे काय होणार, हा आपल्या परिसंवादांचा कायमचा विषय आहे. २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपल्या महाविद्यालयांतही आनंद साजरा झाला. कोर्लईच्या वेशीवर मात्र भूमिका उलट होते. तेथे शाळेची, उपासनेची, कचेरीची, प्रतिष्ठेची भाषा मराठी असते आणि घरात मागे सरणारी भाषा दुसरीच असते. आपण इंग्रजीकडे ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने मराठीकडे कोणी पाहत असेल, ही शक्यता आपण कधी लक्षातच घेतलेली नाही.

खरे तर यासाठी कोर्लईपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. पनवेल-उरण पट्ट्यातील आपल्या वर्गांत आगरी घरांतील विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. वर्गात ती मुले पुस्तकी मराठी बोलतात. बोलता बोलता आगरी शब्द आला तर ओशाळतात. आगरी ही मराठीचीच बोली, नॉ लिंग ही वेगळी भाषा, हा शास्त्रीय भेद आहेच. परंतु परतीच्या बसमध्ये उरणकडच्या एका विद्यार्थिनीने जे विचारले ते या भेदापलीकडचे होते. त्या आजी आपल्याशी मराठी बोलल्या, तशी मीही कॉलेजात वेगळी बोलते. मग मला 'बोलून दाखव' म्हटले तर मी काय करीन, असा तिचा प्रश्न होता. अहवालात नोंदविण्यासारखे त्या दिवशी हेच एक वाक्य होते आणि ते नोंदवायचे राहून गेले.

भेट कशी द्यावी :

२०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि २०२५ मध्ये पनवेलच्या दाराशी विमानतळाचे उद्घाटन झाले. मुंबई व पनवेलहून अलिबाग-मुरूड किनाऱ्याकडे जाणारी गर्दी आता वाढतच जाणार. 'भारतातील पोर्तुगीज बोलणारे गाव' या नावाने कोर्लईची जाहिरात करण्याचा मोहही होईल. तो आवरणे आपल्या हाती नाही. आपल्या विद्यार्थ्यांची भेट मात्र आपल्या हाती आहे. पुन्हा गेलो तेव्हा आम्ही काही बदल करून पाहिले. विद्यार्थी चाळीसऐवजी बाराच नेले. आधी वर्गात नॉ लिंगविषयी दोन तासिका घेतल्या, त्यामुळे 'पोर्तुगीज बोलून दाखवा' हा प्रश्न निघालाच नाही. गावातील जाणत्यांची अगोदर अनुमती घेतली आणि ध्वनिमुद्रण केले नाही. भाषेविषयी विचारण्याऐवजी विद्यार्थ्यांनी भाजीच्या वाफ्यांविषयी, पेरणीविषयी, सणावारी केल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांविषयी विचारले. माणसे आपल्या कामाविषयी बोलू लागली की घरातल्या घरात आपल्या भाषेत एकमेकांना काही सांगतात, विचारतात, हसतात. ते आम्ही ऐकले. सारे समजले नाही. दोन विद्यार्थ्यांना 'लोटू' ऐकू आल्यासारखे वाटले. त्याविषयी त्यांच्यात बसमध्ये अलिबागपर्यंत वाद चालला होता.

यंदाच्या भेटीच्या परिपत्रकात किल्ल्यासाठी दुपारी तीननंतरची वेळ दिली आहे. सकाळ गावाकडे राहील, आणि मराठी विभागाचे दोन सहकारी या वेळी बरोबर येणार आहेत.